लाल बटण दाबलं होतं

मी एक जुना स्टार्टर आहे, मित्रांनो. शेतात पाण्याची मोटार चालवायला जी लोखंडी पेटी असते ना, तीच मी. हिरवं बटण दाबलं की मोटार चालू, लाल दाबलं की बंद.

जेऊरजवळ, उजनीच्या पाण्याकाठी, तात्याबांच्या केळीच्या बागेत मी ऐन उमेदीची वर्षं राबलो. मग त्यांनी मोबाईलवर चालणारा नवा स्टार्टर घेतला. तो बसवायला सोलापूरहून अरिबा आली होती. त्याचं सॉफ्टवेअर तीच लिहायची. तिने मला मागून घेतलं.

"घिऊन जा की पोरी," तात्याबा म्हणाले. "चांगला सांबाळ म्हंजी झालं."

सोलापूरच्या कार्यालयात अरिबाने मला घासूनपुसून टेबलावर ठेवलं आणि माझ्या पोटात नवी यंत्रणा बसवली. तिने लेखी नियमच केला: सॉफ्टवेअरमध्ये कितीही छोटा बदल झाला, तरी या स्टार्टरवर चालवून पाहिल्याशिवाय तो शेतकऱ्यांकडे पाठवायचा नाही. सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक सूचनेचं कारणही तिने आपल्या टिपणांत लिहून ठेवलं होतं. एक सूचना अशी होती: 'लाल बटण दाबलेलं असेल, तर लाइट आल्यावर मोटार आपोआप सुरू करू नये. जवळ माणूस असू शकतो.'

माझ्यामुळे कितीतरी चुका सापडल्या. पाहुणे आले की मालक इंद्रजीतसर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "हा आमचा परीक्षक!" तेव्हा मला किती बरं वाटायचं!

पुढे कामं वाढली. एके दिवशी सर म्हणाले, "अरिबा, आता संगणकावरच तपासू. याच्यात फार वेळ जातो."

"सर, पण नियम आहे."

"आपणच केलेला ना? माळशिरसची शेतकरी मंडळी कधीची थांबलीत."

अरिबाला दुसऱ्या कामाला लावलं. मी पोटमाळ्यावर गेलो. तिची टिपणं कुणी उघडेना. पुढे सॉफ्टवेअर आटोपशीर करताना कुणीतरी ती लाल बटणाची सूचना बिनकामाची समजून काढून टाकली, आणि ते तसंच शेतकऱ्यांच्या स्टार्टरवर गेलं.

आणि एका दुपारी तात्याबांची पत्नी केराबाई कार्यालयात आली. लाइट गेलेली असताना तात्याबा मोटारीत अडकलेलं दावं काढत होते. अचानक लाइट आली. त्यांच्या उजव्या हाताची बोटं गेली.

"लाल बटण दाबलं व्हतं की ओ," केराबाई पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी सोता बगितलं. मग मोटार चालू झाली कशी?"

अरिबाने मला खाली उतरवलं, नवं सॉफ्टवेअर घातलं, लाल बटण दाबलं. वीज तोडली. पुन्हा जोडली.

खट्ट! मी चालू झालो.

मला थांबायचं होतं, मित्रांनो. पण जे सांगितलं जातं, तेवढंच मी करतो.

केराबाईने पदर तोंडाला लावला. "आसाच आवाज आला व्हता," ती म्हणाली.

इंद्रजीतसरांनी अरिबाची टिपणं उघडली. त्याच दिवशी चूक सुधारून सगळ्यांच्या स्टार्टरमध्ये नवं सॉफ्टवेअर गेलं. मला पुन्हा टेबलावर जागा मिळाली. पण आता कुणी थाप मारली तरी मला आनंद होत नाही.

मित्रांनो, तुम्हीही मोठेपणी काही ना काही घडवाल. तेव्हा एखादा नियम जाचक वाटला, तर खुशाल बदला. फक्त तो खोडण्याआधी, तो कुणाच्या हातासाठी लिहिला होता, एवढं वाचून घ्या.