अग्नियंत्राची ऊब

विक्रांतच्या हॉलमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. परदेशातल्या आमच्या गॉलवे शहरातली निम्मी मराठी मंडळी सोफ्यावर, गालिच्यावर, जिन्याच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने बसली होती. सगळे शिकलेले. कुणी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात, कुणी सॉफ्टवेअरमध्ये. आणि सगळे हात जोडून एका स्टोव्हकडे बघत होते.

पेलेट स्टोव्ह, आमच्याकडे आहे तसाच. मी त्यांची शेजारीण. वरच्या टाकीत लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या भरायच्या. त्या थोड्या थोड्या खाली पडून जळतात, आणि पंखा गरम हवा खोलीत फेकतो. पण विक्रांतकडे पोतीच्या पोती जळायची आणि खोली गारच राहायची. त्याची आई, वासंतीकाकू, नागपूरहून आल्यापासून शाल अंगावेगळी करत नव्हत्या.

"मले तं हाडात थंडी शिरून राह्यली, स्वरूपा," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "या बाबानं काही केलं तं बरं."

बाबा म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाच्या क्लोनडॉकिनहून आलेले प्रकाशगुरुजी. खांद्यावर रेशमी उपरणं, कानात ब्लूटूथ.

"लाकूड म्हणजे काय?" त्यांनी विचारलं आणि उत्तरही दिलं. "झाडाने साठवलेला सूर्य! पण इथलं झाड ढगाखाली वाढतं. त्याच्यातला सूर्य झोपलेला. त्याला जागं कोण करणार?"

"तुम्हीच, गुरुजी!" विक्रांतची बायको सरिता म्हणाली.

"मी कोण? हे अग्नियंत्र करणार. क्वांटम स्पंदनांनी!" त्यांनी तांब्याचा एक चौकोनी पत्रा उंच धरला.

आधी विक्रांतने स्टोव्हच्या गरम हवेच्या जाळीपाशी तापमापक धरून आकडा सगळ्यांना ऐकवला. मग स्टोव्ह बंद करून जेवणं उरकली. तो निवल्यावर गुरुजींनी भोवती पडदा लावला. अशुद्ध नजर पडता कामा नये म्हणे. हातात मोरपिसांचा कुंचा घेऊन ते आत गेले. मंत्र सुरू झाला, आणि मंत्राखालून खर्र खर्र असा आवाज येऊ लागला. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. पडद्याच्या कडेतून मला कुंच्याचं टोक दिसलं. पिसांच्या आत तारेचा ब्रश होता.

ताटभर राख घेऊन ते बाहेर आले. "ही विभूती!"

यंत्र स्टोव्हवर ठेवलं, स्टोव्ह पेटला, आणि थोड्या वेळाने जाळीतून असा काही झोत आला की पुढच्या रांगेने जाकिटं काढली. आकडा खरोखरच खूप चढला होता. टाळ्या पडल्या. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

जाताना गुरुजींनी नियम सांगितले. पुढच्या वर्षी ते येईपर्यंत स्टोव्ह आतून उघडायचा नाही. भिंतीतली हवेची जाळी बुजवायची, तिथून शक्ती गळते. छताचा विषारी वायूचा अलार्म काढून ठेवायचा, त्याच्या लहरी यंत्राच्या लहरी कापतात.

"विक्रांत, बाकी काहीही कर, पण जाळी आणि अलार्म यांना हात लावू नकोस," मी म्हणाले.

"अगं, इट्स ग्रँड," तो हसला. "तू उगाच टेन्शन घेतेस."

महिन्याभराने एका शनिवारी मी त्या तिघांना आणि आणखी काहींना आमच्याकडे बोलावलं. मुद्दाम काही आठवडे स्टोव्ह साफ केला नव्हता. त्यांच्यासमोर आकडा मोजला. स्टोव्ह निवू दिला, उघडला आणि आतल्या नळ्या दाखवल्या. त्यांच्यावर राखेचा जाड थर होता.

"आच या नळ्यांना बाहेरून लागते, आणि पंख्याची हवा नळ्यांतून जाताना तापते. राख म्हणजे नळ्यांवर पांघरलेलं ब्लँकेट. ऊब खोलीत न येता धुराड्यातून बाहेर जाते." मी ब्रशने नळ्या खरवडल्या, राख काढली आणि स्टोव्ह पुन्हा पेटवला. तसाच झोत आला. आकडाही तेवढाच चढला. "बघा. यंत्र नाही, मंत्र नाही. गुरुजींनी पडद्याआड एवढंच केलं. आणि आता वर्षभर साफ करायला बंदी घातली, म्हणजे ऊब कमी होणार आणि तुम्ही त्यांनाच बोलावणार."

क्षणभर मला वाटलं, जिंकले.

"पण तू नुसती सफाई केलीस," सरिता म्हणाली. "ही ऊब टिकायची नाही."

"शिवाय भिंतीला भिंत लागून आहे," मागून कुणीतरी म्हणालं. "विक्रांतच्या यंत्राची स्पंदनं इथेही येत असणार."

आणि विक्रांतने विचारलं, "यंत्राने काहीच होत नाही, याचा तुझ्याकडे पुरावा काय?" गुरुजींना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

निघताना काकू दाराशी थांबल्या. "मले समजलं तुह्यं म्हणणं. पण माह्यं घर थोडीच हाये, माय?"

थंडी वाढली. त्यांच्या स्टोव्हची काच काळी झाली, तो मधेच बंद पडू लागला. गुरुजी फोनवर म्हणाले, "यंत्र शक्ती शोषतंय. पुन्हा पेटवा." काकूंचं डोकं दुखायला लागलं, मळमळू लागलं. गुरुजी म्हणाले, "जुनी विषं बाहेर पडतायत." मी जायचे तेव्हा खिडकी उघडायचे, आणि सरिता ती बंद करायची. घरांची तपासणी करणाऱ्या नगरपालिकेच्या गृहनिर्माण कार्यालयाला मी फोन केला, तर तपासणीसाठी बरीच पुढची तारीख मिळाली.

एका दुपारी मी सुट्टीवर होते. विक्रांत-सरिता कामावर. काकूंना हाक मारली, उत्तर नाही. खिडकीतून पाहिलं तर त्या खुर्चीत कलंडलेल्या. माझ्याकडे असलेल्या किल्लीने दार उघडलं, श्वास रोखून त्यांना ओढत अंगणात आणलं आणि रुग्णवाहिका बोलावली.

अग्निशमन दलाच्या माणसाने मीटर घेऊन घर तपासलं. राखेने धुराडं जवळजवळ बुजलं होतं, स्टोव्हला हवा पुरत नव्हती. गोळ्या धुमसून कार्बन मोनॉक्साइड खोलीत साचला होता. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो. भिंतीच्या जाळीतून त्याने फोमचा बोळा बाहेर काढला. "हे कुणी केलं?" त्याने विचारलं. एव्हाना पोचलेला विक्रांत आईमागे रुग्णालयात निघाला.

काकू वाचल्या. पण मुलाला त्या आता दादा म्हणतात. दादा म्हणजे त्यांचा भाऊ, कधीच गेलेला. चहा प्यायल्यावर लगेच चहा मागतात. वायूने मेंदूला इजा झाली आहे, जे गेलं ते बहुधा परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

मला वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील. त्याच आठवड्यात विक्रांतने स्पीकरवर गुरुजींना फोन लावला.

"मातोश्रींचा मृत्युयोग होता," पलीकडून शांत आवाज आला. "यंत्र होतं म्हणून प्राण राहिले."

सरिताने डोळे मिटून हात जोडले. विक्रांत रडत होता, आणि रडता रडता मान डोलावत होता. तेव्हा मला कळलं की हे आता ऐकू शकणार नाहीत. ऐकलं तर आईची ही अवस्था आपण केली, हे त्यांना मान्य करावं लागेल. त्यापेक्षा यंत्र सोपं. मी पोलिसांत तक्रार केली, पण घरचेच गुरुजींच्या बाजूने बोलले. गेल्या महिन्यात ब्युमॉन्टला त्यांचा कार्यक्रम झाला. म्हणे, दारापर्यंत गर्दी होती.

मी हे लिहिल्याने ती गर्दी कमी होईल असं मला वाटत नाही. तरीही सांगते. स्टोव्हमधून जास्त ऊब हवी असेल तर तो निववून राख काढा, नळ्या घासा, कोरड्या गोळ्या वापरा, धुराडं जाणकाराकडून साफ करून घ्या. हवेची जाळी उघडी ठेवा, अलार्म चालू ठेवा. आणि कुणी पडदा लावून तुमचं भलं करू लागला, तर उठा आणि तो पडदा बाजूला करा. चारचौघांत वाईट दिसेल. दिसू द्या.