न उघडलेल्या बाटल्या

बाटलीवरच्या चिठ्ठीतलं अक्षर सुबक होतं. वेलांट्या एका उंचीच्या, शाई कुठेही पसरलेली नाही. इतक्या जपून लिहिणाऱ्या हाताकडून खालच्या मजल्यावरच्या तपासनिसाचं आडनाव मात्र रोज चुकत होतं, आणि रोज त्याच जागी. खरी चूक कधी इकडे जाते, कधी तिकडे. ही एकाच बाजूला झुकत होती, हे प्रयोगशाळेच्या प्रमुखबाईंना केव्हाच कळलं होतं.

पाणी तपासणाऱ्या दोन प्रयोगशाळा एका इमारतीत आणल्या, तेव्हापासूनची ही कटकट. वरचे जुने, खालचे नवे. नव्यांच्या समाजाला हिणवायला बाजारात जो शब्द चालतो, तो वरच्यांनी त्या आडनावात बसवला. आधी एकीने चिठ्ठ्यांवर, मग सगळ्यांनी नोंदवह्यांत. कुणी नीट लिहिलंच, तर त्याला विचारायचे, काय, खाली सोयरीक जुळली वाटतं? मग खालच्यांनीही वरच्यांच्या नावांची वाट लावायला घेतली. बाईंनी सगळ्यांना समज दिली, पुन्हा दिली. पालथ्या घड्यावर पाणी. असं लिहिणारी ती पहिली म्हणजे बाईंची सख्खी थोरली बहीण. बाटल्यांवरच्या सगळ्या चिठ्ठ्या तिच्याच हातच्या. त्यामुळे समजेच्या पुढे बाई कधी गेल्या नव्हत्या.

नियम साधा होता. नमुना आणणाऱ्याने चिठ्ठीवरच्या आपल्या नावापुढे सही केल्याशिवाय बाटली उघडायची नाही. आज तपासनिसाने नमुना आणला, पण सही केली नाही. हे माझं नाव नाही, एवढंच म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. कुणी दुसरी चिठ्ठी लिहिली नाही. पाणी बाळंतिणींच्या दवाखान्याचं. संध्याकाळपर्यंत ते शिळं झालं, तपासायच्या लायकीचं उरलं नाही. टाकी चालू ठेवायची की बंद, असं दवाखान्यातून तिसऱ्यांदा विचारत होते.

बहीण घरी जायच्या तयारीने, पिशवी खांद्याला लावूनच आत आली.

"एका अक्षरावरून एवढं रुसतात होय गं?"

"एकच अक्षर आहे, तर नीट का लिहीत नाहीस?"

"हात वळत नाही बाई." ती हसली. "आणि तू घरच्यांची की खालच्यांची, ते एकदा ठरव."

बाईंनी आधी दवाखान्याला फोन करून टाकी बंद ठेवायला सांगितलं. मग बहिणीकडे वळल्या.

"ताई, उद्यापासून तू इथे कामाला यायचं नाहीस. तुझी बदली मी मागून घेतेय."