समाधानकारक रस्ता

आमच्या नगरपरिषदेत रस्त्यांना शेरे मिळतात, शाळेतल्या मुलांना मिळावेत तसे. वाईट, बरा आणि समाधानकारक. सगळे रस्ते दुरुस्त करण्याइतके डांबर कधीच नसते. म्हणून रस्ते समितीचे सदस्य वर्षातून एकदा स्वतः हिंडून प्रत्येक रस्ता डोळ्यांनी पाहतात आणि जागेवरच शेरा देतात. 'वाईट' ठरलेल्यांपैकी काहींच्या नशिबी मग डांबर येते. त्यांच्या मागून, दोन पावले अंतर राखून, मी चालतो. शेरे टिपून घेणे आणि पुढे सभेत काय ठरले ते लिहून ठेवणे, एवढेच माझे काम. या कामाला आवाज लागत नाही. कदाचित म्हणूनच ते मला मिळाले असावे. कचेरीत मला 'मौनी' म्हणतात आणि मी त्या हाकेलाही मान हलवूनच ओ देतो.

माझे काका टेकडीवरच्या रस्त्याच्या अगदी शेवटी राहतात. खरे म्हणजे 'राहत होते' असे लिहायला हवे, पण हात अजून त्याला तयार होत नाही. आईवडिलांमागे त्यांनीच मला वाढवले. ते शिंपी. पुढच्या खोलीत खिडकीला लागून पायमशीन, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले लोकांचे कपडे, आणि त्या कपड्यांना इतरांच्या घरांचा जो मंद वास असतो त्याने भरलेली हवा. नवे कपडे शिवून घेणारे आता राहिले नव्हते. पण कुणाच्या पँटची उंची कमी करायची असे, कुणाच्या कोटाचे अस्तर फाटलेले असे, कुणाचा जुना स्वेटर जाळीदार झालेला असे. अशी माणसे नगरपरिषदेच्या छोट्या बसने टेकडी चढून येत, कपडे टाकून त्याच बसने उतरत. काकांचा डावा गुडघा कधीच निकामी झाला होता. टेकडी पायी उतरणे त्यांना शक्य नव्हते आणि चढणे तर बोलायलाच नको. ती बस होती तोवर काका शिंपी होते.

आणि ती बस बंद होण्याच्या मार्गावर होती.

"तुमच्या साहेबांना सांग," बसचा ड्रायव्हर मला दर रविवारी ऐकवायचा. मी काकांकडे जायचो ते त्याच्याच बसने. "स्प्रिंगचे पाटे तुटतात रे गाडीचे. रस्ता तरी करा, नाहीतर मला खालच्या नाक्यावरून फिरवू द्या. ही गाडी आहे, बकरी नाही."

मी मान हलवायचो. साहेबांना काही सांगणे माझ्या हातात नव्हते. पण त्या वर्षी पाहणीचा दिवस ठरला तेव्हा, एरवी जे मी कधी करत नाही ते केले. रविवारी काकांना आधीच कळवले.

"बुधवारी समिती येणार आहे, काका. नगराध्यक्षाबाई स्वतः असतील. शेजारच्यांनाही सांगा. सगळ्यांनी बाहेर उभं राहा. काय त्रास होतो ते बोला त्यांच्याशी."

"बाई स्वतः येणार? आपल्याकडे?" काकांनी मशीन थांबवले. चष्मा कपाळावर चढवून ते दाराबाहेर बघत राहिले. दाराबाहेर रस्ता होता आणि रस्त्यात खड्डे. एक तर इतका रुंद की शेजारच्या नर्सबाईंनी त्याला 'तलाव' नाव दिले होते.

"येणार," मी म्हणालो. मला वाटले, ते मनात तक्रारी जुळवत असतील.

बुधवारी सकाळी आम्ही टेकडीच्या पायथ्याशी गाडीतून उतरलो. पुढे नगराध्यक्षाबाई, त्यांच्या शेजारी इंजिनिअर, मागे दोन सदस्य आणि सर्वांत शेवटी मी. कोवळे ऊन होते, वारा थंड होता. पहिले वळण घेतले आणि माझा पाय जागच्या जागी थांबला.

रस्त्यात एकही खड्डा नव्हता.

प्रत्येक खड्ड्यात विटांचे तुकडे, खडी आणि माती ठासून भरली होती. वरून पाणी मारून, धुम्मसाने चोपून, सिमेंटचा एक पातळ हात फिरवला होता. तलाव नाहीसा झाला होता. दुतर्फा दारे पुसलेली, पायऱ्या धुतलेल्या. लोक इस्त्रीचे कपडे घालून उभे होते. नर्सबाईंच्या नखांत अजून सिमेंट होते. काका दारात खुर्ची टाकून बसले होते आणि मी आजवर त्यांना इतके प्रसन्न फार क्वचित पाहिले होते.

"या, या," ते म्हणाले. "चढ दमवतो जरा. पाणी घ्या."

सगळ्यांनी पाणी घेतले. एक सदस्य म्हणाला, "वर हवा काय छान आहे हो!" दुसरा म्हणाला, "आणि रस्ता तर खालच्यापेक्षा बरा." लोक संकोचाने हसले, घरी आलेल्याने पडद्यांचे कौतुक केल्यावर हसावे तसे. कुणीही त्रासाबद्दल अवाक्षर काढले नाही. पाहुण्यांसमोर घरातले रडगाणे कोण गाते?

इंजिनिअरने बुटाचे टोक एका ठिगळावर दाबून पाहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "लिही. समाधानकारक."

मी बोललो. "सर, हे खड्डे कालच भरलेत. लोकांनी, हातानं. आत नुसती माती आहे."

"अरे वा, मौनी बोलला!" एक सदस्य म्हणाला.

नगराध्यक्षाबाई थांबल्या. वाईट बाई नव्हत्या त्या. डोळ्यांखाली सतत झोप अपुरी असल्याची सावली असे. "हे बघ," त्या सावकाश म्हणाल्या, "आपण जे दिसतं ते लिहितो. काल काय होतं आणि उद्या काय होईल ते लिहायला बसलो, तर एकही रस्ता लिहून व्हायचा नाही."

मी लिहिले. समाधानकारक. अक्षर नेहमीसारखेच सुबक आले, याचे मला नंतर फार वाईट वाटले.

समिती उतरून गेल्यावर मी मागे राहिलो. "काका, हे का केलंत?"

"का म्हणजे?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "चार मोठी माणसं दारात येणार, आणि उसवलेला शर्ट घालून त्यांच्यासमोर उभं राहायचं? आधी टाका घालायचा, मग दार उघडायचं. नर्सबाईंनी घमेली वाहिली, मी इथून खुर्चीतून सांगत होतो. दोन दिवस सगळी गल्ली राबली. आवडला ना रे त्यांना रस्ता?"

"आवडला," मी म्हणालो.

ती ठिगळे महिनाभरही टिकली नाहीत. पाण्याचे टँकर चढले, सिमेंटचा पापुद्रा फुटला, माती उडाली आणि विटांचे तुकडे मोकळे होऊन चाकांखाली उसळू लागले. रस्ता पूर्वीपेक्षा वाईट झाला. एका सकाळी त्या छोट्या बसचा पाटा खरोखरच तुटला आणि ती तलावाच्या काठावर, एका बाजूला कलून, दुपारपर्यंत उभी राहिली.

सभा त्यानंतरच्या आठवड्यात होती. आमचे सभागृह म्हणजे उंच छताची, कमी उजेडाची खोली. लांब टेबलावरच्या हिरव्या कापडाला चहाच्या कपांचे गोल गोल डाग. मी कोपऱ्यात बसतो, खिडकीखाली. आधी रस्ते समितीचा विषय आला. डांबर दवाखान्याच्या आणि बाजाराच्या रस्त्याला. टेकडीचा रस्ता समाधानकारक, दुरुस्तीची गरज नाही. हात वर झाले, मंजूर. मग वाहतूक समितीचा विषय. टेकडीचा रस्ता बससाठी धोकादायक, सबब फेरी खालच्या नाक्यापर्यंतच. हात वर झाले.

"एक मिनिट," एक सदस्य म्हणाला. "आत्ताच तर आपण रस्ता समाधानकारक म्हणालो ना?"

"रस्ता समाधानकारक आहे," दुसरा म्हणाला, "बस समाधानकारक नाही!"

सभागृह हसले. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. दुपारच्या जेवणानंतर, तिसऱ्या तासाला, माणसे कशालाही हसतात. पण दोन्ही वेळा वर झालेल्या हातांच्या मध्ये मला काकांचे मशीन दिसत होते, आणि त्या मशीनवर पडणारा खिडकीतला उजेड. मी उभा राहिलो. कारकुनाने सभेत उभे राहण्याची रीत नाही. हसणे आपोआप विरले.

"माझे काका वर राहतात," मी म्हणालो. आवाज फारच लहान आला. "त्यांना चालता येत नाही. गिऱ्हाईक बसनं येतं. बस गेली की... ते खड्डे समिती येणार म्हणून भरले होते. लाजेपोटी. शेरा पुन्हा बघता आला तर..."

नगराध्यक्षाबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "ठराव झाला की सहा महिने उघडता येत नाही. हा नियम तूच तर दर वेळी शेवटी लिहितोस."

मी बसलो. आणि शेवटी तो नियम लिहिला.

सभा उठल्यावर त्या दारापाशी माझ्यासाठी थांबल्या होत्या. "टेकडीचा रस्ता घेतला असता तर दवाखान्याचा सोडावा लागला असता," त्या म्हणाल्या. "कुठला सोडू, तू सांग." त्यांना उत्तर नकोच होते. जिना उतरताना त्या कठड्याला धरून उतरल्या, एकेक पायरी, फार दमलेल्या माणसासारख्या.

बस नाक्यापर्यंतच गेली. पुढचा चढ मी चालत गेलो. काका एका लहान मुलीच्या फ्रॉकला झालर लावत होते आणि नर्सबाई दारात उभ्या होत्या. मी सांगितले. आधी रस्त्याचे, मग बसचे. आडपडदा ठेवला नाही. ठेवणे मला जमलेही नसते.

काकांनी दात लावून दोरा तोडला. "म्हणजे आम्ही भरले नसते, तर...?"

"मग उकरू या!" नर्सबाई म्हणाल्या. "घमेली अजून माझ्याच अंगणात आहेत. पुन्हा बोलवा त्या बाईंना. असा तलाव करून देते की होडीतून यावं लागेल त्यांना!"

"सहा महिने कुणी येणार नाही," मी म्हणालो.

"आणि उकरायचं काय त्यात?" काका म्हणाले. "आपोआपच निघालंय सगळं. कच्चा टाका होता." ते हसले, पण ते हसू चेहऱ्यावर फार वेळ थांबले नाही. "आपण आपलं दाखवायला गेलो चांगलं. जाऊ दे. गिऱ्हाईक किती दिवस चढेल पायी?"

गिऱ्हाईक दोन आठवडे चढले. मग फक्त फ्रॉकवाली मुलगी चढून आली, तीही आईचा निरोप घेऊन: आता खालीच टाकू कपडे. काका माझ्याकडे राहायला आले. टँकरवाल्याने मशीन टँकरच्या मागच्या फळीवर बांधले, काकांना पुढे शेजारी बसवले, आणि तो टेकडी इतक्या हळू उतरला की मी बरोबरीने चालत आलो. नर्सबाई वळणापर्यंत आल्या. "खालच्या हवेत सुजाल हो!" असे त्यांनी ओरडून सांगितले आणि लगेच पाठ फिरवली.

माझी खोली तळमजल्यावर आहे, बाजाराच्या रस्त्याला लागून. नव्या डांबराचा वास अजून खिडकीतून आत येतो. काकांनी मशीन खिडकीपाशी मांडले, पण इथे उजेड समोरच्या इमारतीला विचारून येतो. बाजारात शिंपी पुष्कळ. आमच्या दारावर कुणी थाप मारली नाही. काकांनी माझे कपाट उघडले आणि ते एकेक कपडा दुरुस्त करत सुटले. बटणे, खिसे, कॉलर. जे फाटण्याच्या बेतात होते तेही त्यांनी आधीच शिवून टाकले. मग कपाटात काही उरले नाही. संध्याकाळी मी दार उघडले की ते मशीनपाशी रिकामे हात मांडीवर ठेवून बसलेले असत आणि विचारत, "आज काही आणलंस?"

एका संध्याकाळी कचेरीतून निघण्याआधी मी दार लावून घेतले. ब्लेडने माझ्या शर्टाची बाजूची शिवण बगलेपासून वीतभर उसवली आणि वर कोट घालून घरी आलो.

"काका, हा शर्ट फाटला."

त्यांचा चेहरा उजळला. शर्ट हातात घेतला, चष्मा लावला, दिवा ओढला. मग बोट शिवणीवरून खाली सरकत गेले आणि कापलेल्या दोऱ्यांच्या टोकांपाशी थांबले. मी पाणी पिण्याच्या निमित्ताने पाठ फिरवली.

"ही मीच शिवली होती," काका म्हणाले. "पक्की होती."

त्यांनी सुईत दोरा ओवला, हातानेच शिवण घातली, मशीन लावले नाही. शेवटी गाठ मारून शर्ट माझ्याकडे दिला.

"उद्या ऑफिसला जाताना मला त्या कोपऱ्यावरच्या कपड्यांच्या दुकानापर्यंत सोड," ते म्हणाले. "आल्टरचं काही असेल तर विचारून बघतो. तू आत येऊ नकोस. बाहेरही थांबू नकोस. तुझा चेहरा बघून तो मला दयेनं काम देईल."

"गुडघा..."

"गुडघ्याचं काय? खालचा रस्ता समाधानकारक आहे ना?" ते म्हणाले, आणि दिवा मालवायला उठले.