धुण्याचं बटण

सुई सकाळपासून थरथरत होती आणि ताई सकाळपासून ‘धुणं’ दाबत होती.

ताई बंदरावरच्या टेकडीवर, निरीक्षण केंद्रात कामाला होती. तिला सगळे ताईच म्हणत, वयाने तिच्या वडिलांएवढे असलेले साहेबसुद्धा. काम तसं सरळ होतं. ढगांच्याही कितीतरी वर, जिथे हवा जवळजवळ संपतेच, तिथे विजेचा भार असलेला एक थर असतो. उपग्रहांचे संकेत त्यातूनच खाली येतात. थर डचमळला की बोट असते एकीकडे आणि पडद्यावर दिसते भलतीकडे. म्हणून ताईने यंत्राच्या सुईकडे बघायचं आणि बंदराला कळवायचं, वर शांत आहे की नाही.

अडचण एकच होती. केंद्राच्या अँटेनाचा खांब वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराच्या भिंतीला टेकलेला होता, आणि वरच्या मजल्यावर साहेब त्यांच्या आईसह राहत. आजींनी वॉशिंग मशीन लावलं की खांब हादरे, आणि सुईला वाटे, आभाळच फिरलं. खांब हलवायचा तर मुख्य कार्यालयाची परवानगी हवी होती. मशीन हलवायचं तर आजींची. साहेबांनी दोन्हींचा शांतपणे विचार केला आणि एक बटण बसवून घेतलं. त्यावर लिहिलं ‘धुणं’. ते दाबलं की संगणक ती थरथर पुसून टाकी आणि आकाश पुन्हा शहाण्यासारखं वागू लागे.

बटण येण्याआधी ताईने एकदा सगळ्या बोटी थांबवल्या होत्या. वर प्रचंड उलथापालथ चालू आहे, असं तिने कळवलं होतं. निघाले मशीनमधले आजींचे पलंगपोस. तेव्हापासून बंदरात तिचं नाव पडलं ‘लाँड्रीवाली ताई’. नाव पाडणारा तिचा सख्खा धाकटा भाऊ, ठोंब्या. तो खडी वाहणारी बोट चालवायचा. आज सकाळीच त्याचा फोन आला होता.

“ताई, खाली धुकं एवढं दाट आहे की मला माझं पोट दिसत नाहीये.”

“पोटच मोठं दिसत असेल धुक्यासारखं.”

“दोन कड्यांमधून जायचंय. नुसत्या पडद्याच्या भरवशावर. वर शांत आहे ना?”

“शांत आहे. जा.”

आणि ठोंब्या निघाला होता.

दार ढकलून आजी आत आल्या. हातात बादली, चेहऱ्यावर साऱ्या जगाबद्दल तक्रार.

“पोरी, तुमच्या खिडकीत उन्हाची तिरीप येते. एवढे दोन टॉवेल टाकते गं. हाताने पिळलेलं लवकर वाळत नाही.”

“हाताने का पिळलंत?”

“मग काय पायाने पिळू? मशीन गेलंय दुरुस्तीला. आठवडा होत आला. मनगटं गेली माझी कामातून. या पोराला आईची काडीची पर्वा नाही.”

ताईने सुईकडे पाहिलं. सुई थरथरत होती. खोलीत टॉवेलमधून ठिबकणाऱ्या पाण्याचा तेवढा आवाज होता.

“आजी, वर आत्ता काय चालू आहे?”

“वर? वर कोणी नाही. तो झोपलाय.”

“साहेब झोपेत हलतात?”

“तो जागेपणी तरी कुठे हलतो?”

ताईने पुसलेली थरथर परत पडद्यावर आणली. आठवडाभराची. डोंगरांच्या पलीकडे, दूरच्या मुलखात, आठवडाभर वादळं घोंघावत होती. बातम्यांत तिने ती बघितली होती, जेवता जेवता, दुसऱ्याचं घर जळताना बघावं तशी. तिथले ढग खालून हवेला धक्के देत होते. धक्क्यांच्या लाटा वर चढत होत्या, आणि वर हवा विरळ म्हणून फुगत होत्या. चादर झटकताना हात जरासाच हलतो आणि पलीकडचं टोक फाडकन उडतं, तसं. ते टोक आता त्यांच्या डोक्यावर होतं. आणि ताईने ते रोज नीट धुऊन काढलं होतं.

तिने फोन लावला.

“ठोंब्या, बोट थांबव.”

“का गं? पलंगपोस?”

“नांगर टाक. पडद्यावर विश्वास ठेवू नकोस.”

“अगं, ऐन कड्यांच्या मध्ये आहे मी. आजींना म्हणावं, जरा दमानं धुवा.”

“मशीन आठवडाभर घरात नाहीये रे.”

पलीकडे इंजिन बंद झालं. साखळी खडखडत खाली गेली.

“टाकला,” तो म्हणाला. आवाज लहानपणी अंधाराला घाबरायचा तेव्हासारखा झाला होता. “ताई, नांगर पक्का बसलाय. पण पडद्यावर बोट चालतेय.”

“कुठे?”

“आता कड्यावर चढली. चांगली चढतेय. प्रत्यक्षात कधी एवढी चालत नाही.” तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. “थांब. मागे इंजिन वाजतंय. कोणीतरी येतंय.”

तीही बोट ताईच्या ‘शांत आहे’वरच निघालेली होती. ताई बिनतारी यंत्रावर ओरडली, “सगळ्यांनी थांबा! सकाळचा निरोप रद्द!” फोनमधून ठोंब्याचा भोंगा ऐकू येत होता, लांब, पुन्हा लांब. आणि त्याच्यामागे ते इंजिन, जवळ, आणखी जवळ.

यंत्रावर कोणीतरी हसलं. “काय ताई, आज काय धुताय?”

“काही धूत नाहीये!” ताई किंचाळली. “इंजिन बंद करा, माझा भाऊ आहे पुढे!”

आजींच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. इंजिन वाजत राहिलं. मग खोकलं. मग बंद झालं.

“दिसतेय मला,” ठोंब्या हळूच म्हणाला. “ताई, हात लांब केला तर तिच्या नाकाला लागेल.”

ताई खुर्चीत बसली तेव्हा तिला कळलं की आपण उभ्या होतो. दाराशी टेम्पो येऊन थांबला. दोन माणसं मशीन उचलून जिन्याने वर घेऊन गेली. आजी लगबगीने मागे गेल्या आणि थोड्या वेळाने वरून त्यांची हाक आली.

“पोरी, आता नव्यासारखं झालंय! लावू का?”

सुई थरथरत होती. वादळं अजून चालूच होती, आणि मशीन लागलं की कुठली थरथर मशीनची आणि कुठली आभाळाची, हे सांगणारं कोणी उरणार नव्हतं.

“आजी, थांबा!” ती ओरडली.

वर पाणी भरायला सुरुवात झाली होती.