आईची कवळी

मदत केंद्रातल्या कारकुनाने प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली आणि हात मागे घेतला. "काका, या भागातल्या कवळ्या तुम्हीच बनवता ना? जरा बघून सांगा, ही कुणाची."

पिशवीत वरची कवळी होती. चिखलाने माखलेली, कडेला तडा गेलेली.

कवळ्या बनवणाऱ्या काकांच्या घरावर दरड कोसळली त्याला आज बारा दिवस झाले होते. तेव्हा तो इथेच, दात बनवायच्या या खोलीत, कामावर होता. बायको तिसऱ्या दिवशी सापडली. आई सापडली नाही, आणि तेवढ्याच एका गोष्टीवर तो तग धरून होता. रोज सकाळी इस्पितळं पालथी घालायचा. म्हातारी चिवट आहे, कुठेतरी पडून असेल, नाव सांगता येत नसेल, असं भेटेल त्याला सांगायचा. लोक मान डोलवायचे. दुसरं करणार काय!

"कुठे मिळाली?"

"खाली ओढ्यापाशी. एक बाई सापडल्यात, त्यांच्या तोंडात होती. चेहऱ्यावरून ओळख पटत नाही. कुणी आलं नाही तर संध्याकाळी बेवारस म्हणून उरकणार."

त्याने कवळी नळाखाली धरली. चिखल गेला तसा समोरचा दात दिसला, शेजारच्यावर जरासा चढलेला. दुसऱ्या कुणी असं काम केलं असतं तर त्याने नावं ठेवली असती. पण हा त्यानेच मुद्दाम तसा बसवला होता. पहिली कवळी घालून आईने आरसा बघितला आणि ती काढून त्याच्या हातात दिली होती. "अरे, हे कुणाचे दात? एवढी सरळ मी कधी होते?" बायको पोट धरून हसली होती.

पाणी वाहत राहिलं. नुसतं नाही म्हटलं असतं, तर उद्या पुन्हा इस्पितळात जाता आलं असतं.

"काका?"

"माझ्या आईची आहे," तो म्हणाला, मटकन स्टुलावर बसला आणि बारा दिवस अडवलेलं रडं फुटलं.

कारकून अवघडून उभा राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "चला. गाडी बाहेर आहे."

"अर्धा तास थांबा."

त्याने डोळे पुसले, चष्मा लावला आणि तडा भरायला मसाला कालवला.

कारकुनाला राहवेना. "आता दुरुस्त करून काय उपयोग, काका?"

"दात घातल्याशिवाय ती कुणाला दारसुद्धा उघडायची नाही."

मसाला वाळला. मग त्याने पॉलिशचं चाक सुरू केलं. घासून झालं की तो कडेवरून बोट फिरवून बघायचा, हिरडीला कुठे टोचेल का, आणि पुन्हा घासायचा.