घाईने चकाकलेला आरसा

मी एक जुना आरसा आहे, पण माझ्यात तोंड पाहायला येऊ नका. मी दुर्बिणीचा आरसा आहे. दूरचा, अंधूक उजेड गोळा करणे हे माझे काम. आणि मित्रांनो, आधीच सांगतो, मी रागावलेला आहे.

जन्माने मी सपाट. मोडीत निघालेल्या जहाजाच्या गोल खिडकीची जाड काच होतो. एका चष्मेवाल्याने मला आणि माझ्या जोडीच्या दुसऱ्या काचेला घरी आणले, ते त्याच्या मुलीसाठी. तिला सगळे बारकी म्हणत. चंद्रावरच्या खड्ड्यांत पडलेल्या सावल्या तिला स्वतः घडवलेल्या आरशातून पाहायच्या होत्या. तेवढेच.

आरसा घडवण्याची रीत सोपी आहे आणि कंटाळवाणी आहे. पाण्याच्या पिंपावर एक काच पक्की बसवायची, तिच्यावर ओली खरखरीत पूड टाकायची आणि दुसरी काच वरून पुढे-मागे घासत पिंपाभोवती चालायचे. वरची काच मी. घासता घासता मी मध्ये खोल होत जातो. मग त्याहून बारीक पूड, मग आणखी बारीक. प्रत्येक पूड आधीचे खड्डे काढते आणि स्वतःचे लहान खड्डे मागे ठेवते. आधीचे सगळे निघेपर्यंत पुढे जायचे नाही. यात पळवाट नाही.

बारकी शाळेतून आली की चालायला लागे. तिची आई जाता-येता म्हणायची, "मीही दिवसभर घरात फेऱ्याच मारते. मला अजून एखादा ग्रह मिळालेला नाही."

मग शाळेचे प्रदर्शन जवळ आले आणि बाबांना घाई सुटली. त्यांच्या दुकानाच्या पाटीवरच 'तासाभरात चष्मा' असे लिहिलेले. काचेवर बारीक ओरखडा राहिला तर ते पॉलिश मारून देत, गिऱ्हाइकाला पत्ता लागत नसे. बारकीने त्यांना भिंगातून माझे खड्डे दाखवले. ते म्हणाले, पॉलिशमध्ये निघून जाईल सगळे. नाही निघत! पॉलिश खड्ड्याचे काठ गुळगुळीत करते, तळाशी पोचत नाही. पण बाबा म्हणाले म्हणून तिने पॉलिश हातात घेतले.

मला चांदीचा मुलामा मिळाला, वर बक्षीस मिळाले. पाहुण्यांनी माझ्यात बघून केस सारखे केले. संध्याकाळी बारकीने मला चंद्राकडे वळवले. चुन्याच्या पाण्यातून पाहावा तसा चंद्र दिसला. सावली एकही नाही. तिने दुर्बिणीच्या नळीचे झाकण लावले.

मी अर्धवट राहिलो याचा मला राग नाही. अर्धवटाला 'झालं' म्हटले, याचा राग आहे.

बाबांनी त्यावरही झटपट उपाय शोधला. तयार दुर्बीण आणली. बटण दाबले की ती आपणच चंद्र शोधायची. तिच्यातून सावल्या अगदी स्वच्छ दिसल्या. बारकी "छान आहे" म्हणाली, दुसऱ्याच्या नव्या सदऱ्याला म्हणावे तशी. थोड्याच दिवसांत त्या दुर्बिणीच्या तिवईवर मोजे वाळू लागले. त्या चंद्रासाठी घरात कोणी हातसुद्धा ओला केला नव्हता, मग त्याची आठवण कोणाला येणार? मी कपाटात गेलो. माझी जोडीदारीण दुकानात चहाचे कप ठेवायच्या कामी लागली. तेव्हाचा माझा संताप तुम्ही ऐकला असता तर कानांत बोटे घातली असती.

एका सुट्टीत बारकीने कपांखालून ती काच ओढून नेली. माझा मुलामा काढून टाकला आणि मागची खरखरीत पूड पुन्हा पिंपावर ओतली.

"अगं, झालेलं काम उसवतेस?" बाबा म्हणाले.

"झालं नव्हतं, बाबा. नुसतं चकाकत होतं."



बारकीची इयत्ता बदलली. तिची उंची वाढली, तेव्हा पिंपाखाली विटा आल्या. एकदा धुताना जाड पुडीचा एक कण कुठेतरी राहिला आणि मला लांबलचक ओरखडा पडला. ती रडली. मग सगळे पुन्हा धुऊन पुन्हा मागच्या पुडीवर गेली. हळूहळू तिला आवाज कळू लागला. पूड ताजी असताना मी घोगरा बोलतो, ती झिजली की नुसता सळसळतो. डोळे मिटून ती नेमकी थांबायची आणि स्वतःशीच हसायची. ते हसू कोणत्या बटणाने आले असते? बाबा दुकानातून आल्यावर दारात उभे राहून ऐकत. एक दिवस त्यांनी विचारले, "आता बदलायची ना पूड?" तिने मान हलवली. "अजून थोडं." ते थांबले.

शेवटी पॉलिश झाले, नवा मुलामा चढला आणि एका संध्याकाळी मी पुन्हा चंद्राकडे वळलो. बारकी बराच वेळ नळीला डोळा लावून होती. मग तिने बाबांना हाताला धरून पुढे ओढले. सावल्या काळ्याभोर होत्या, काठ धारदार. बाबा पाहतच राहिले; त्यांच्या दुकानात इतका वेळ कोणत्याच गिऱ्हाइकाने कशात पाहिले नसेल.

बाजूला होताना त्यांना माझ्यावर धुळीचा एक कण दिसला. सवयीने खिशातून रुमाल निघाला. माझ्या अंगावर काटाच आला. पण हात मध्येच थांबला.

"धूळ आधी पाण्याने सोडवायची ना?" त्यांनी मुलीला विचारले आणि रुमाल खिशात ठेवला.

मित्रांनो, माझा राग गेला असे समजू नका. कुठेतरी आजही कोणीतरी एका खडबडीत काचेवर मुलामा चढवतो आहे. तुमच्या हातात असे एखादे लांबचे काम असेल, तर त्याला लवकर 'झालं' म्हणू नका. आणि माझ्यावर धूळ दिसली तर दिसू द्या. धूळ मला चालते. घाईचा रुमाल चालत नाही.