दादाचा बॉयलर

“काटा हलला नाही ना अजून?” वहिनींनी पुन्हा विचारलं.

“हलायचा नाही,” धाकटा म्हणाला. “दादाचं काम आहे ते.”

साठी उलटली, दादा गेला, तरी हा सगळ्यांचा धाकटाच राहिला होता. टेबलावर दादाचा हातभर लांबीचा तांब्याचा बॉयलर होता. रुळांवर माणसं बसवून ओढणाऱ्या छोट्या इंजिनासाठी दादाने तो वर्षानुवर्षं खपून घडवला, आणि तपासणी तेवढी राहून गेली. अशी इंजिनं बनवणाऱ्या हौशी लोकांच्या क्लबच्या तपासनिसाने पास केल्याशिवाय बॉयलरखाली जाळ करायचा नाही, असा नियम होता. तपासताना आत थंड पाणी ठासून भरायचं आणि पंपाने नेहमीच्या दुप्पट दाब चढवायचा. फुटलाच तर नुसतं पाणी सांडतं. वाफ असली तर माणूस भाजून निघतो.

दाब दाखवणारा काटा जागचा हलला नाही. वहिनी कितीतरी महिन्यांनी हसल्या. दादाचं इंजिन चालताना बघायचं, एवढी एकच इच्छा त्यांनी धाकट्याला बोलून दाखवली होती.

तपासनीस मात्र बॅटरी घेऊन खाली वाकला. शेगडीजवळचा जोड त्याने नखाने खरवडून पाहिला.

“हे राखाडी काय आहे?”

“ते मी केलं,” धाकट्याने जरा छाती काढूनच सांगितलं. “दादा गेल्यावर पाणी भरून बघितलं, तर तिथे बारीक पाझरत होतं. कथलाचा डाग दिला. आता एक थेंब येत नाही.”

टपाल कचेरीत जन्मभर शिक्के मारलेल्या माणसाला आपल्या हातून काही दुरुस्त झालं याचं कोण अप्रूप होतं.

तपासनिसाने बॅटरी बंद केली. “खालून आच लागली की हे वितळणार. मग जो इंजिनावर बसला असेल, वाफ थेट त्याच्या पायांवर.”

“मग खरवडून काढतो. तुम्ही चांदीचा डाग द्या, दादा द्यायचा तसा.”

“आता चांदी धरायची नाही. कथील तांब्यात मुरलं की संपलं. पाझरत होता तेव्हाच आणला असतात, तर तासाभराचं काम होतं.”

त्याने हे हळू आवाजात सांगितलं, पण सांगितलं.

दादाने त्याला कधी साध्या पेचकशालाही हात लावू दिला नव्हता. ‘तू लांबून बघ,’ म्हणायचा. तो गेल्यावर धाकट्याने पहिल्यांदा हात लावला आणि सगळ्याची माती केली. आता माफी मागायची तरी कुणाची? दादा असता तर चार शिव्या घालून मोकळा झाला असता. त्या शिव्यांसाठी धाकट्याचा जीव तुटला.

“एकदाच पेटवू द्या,” तो म्हणाला. “कमी दाबावर. मीच बसतो. भाजलं तर मला भाजेल. वहिनींना एकदा बघू दे.”

“नाही.” तपासनीस थोडा घुटमळला. “शिवाय याला भोक पाडावं लागेल. पुढे कुणी हौसेने पेटवू नये म्हणून. हा नियम तुमच्या भावानेच भांडून करून घेतलाय. आज नको असेल तर राहू दे.”

“आजच करा,” वहिनी म्हणाल्या. “हे असते तर थांबले नसते.”

“वहिनी, माझ्यामुळे...”

“धरा भावोजी, हलतोय तो.”

तपासनिसाने दाब उतरवला, पाणी काढून घेतलं. धाकट्याने दोन्ही हातांनी बॉयलर धरला. आपण तो सोडला तर कदाचित हे टळेल, असा वेडा विचार त्याच्या मनात आला. ड्रिल आरपार जायला वेळच लागला नाही.

टेबलावर तांब्याचा चिमूटभर कीस पडला होता. वहिनींनी तो हाताने गोळा केला.

“हा कुठे टाकू?”

तपासनिसाने कोपऱ्यातला डबा दाखवला. वहिनी तिथवर गेल्या, डब्यात वाकून बघितलं, आणि मूठ तशीच मिटून परत आल्या.